एका वहीत आठ दिवस, दुसरीत पस्तीस वर्षं : बॉम्बर वैमानिकाचं चरित्र कसं लिहावं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. प्रश्न विचारणाऱ्या ताई लग्नानंतर यॉर्कशायरमध्ये स्थायिक झाल्या आहेत. त्यांचे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये लँकेस्टर बॉम्बरचे वैमानिक होते. युद्धाआधी ते नगरपालिकेत कारकून होते. १९४७ ते १९८२ त्यांनी एका शाळेत गणित शिकवलं. घरात युद्धाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. आता पोटमाळ्यावर त्यांची निळी लॉगबुक (वैमानिकाची उड्डाणांची नोंदवही), पदकांची न उघडलेली पुठ्ठ्याची पेटी आणि विमानापुढे उभ्या सात जणांचा फोटो सापडला आहे. ताईंना मुलांसाठी त्यांचं चरित्र लिहायचं आहे. त्या विचारतात, "युद्धाबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण नंतरच्या पस्तीस वर्षांत लिहिण्यासारखं काय? आणि शहरांवर बॉम्ब टाकलेला माणूस आयुष्यभर इतक्या शांतपणे मुलांना शिकवू कसा शकला?"

मी इंग्लंडमधल्या एका जिल्हा अभिलेखागारात बावीस वर्षं काम केलं. बॉम्बर विमानतळांनी भरलेला तो भाग. वडिलांची किंवा आजोबांची लॉगबुक हातात घेऊन येणारी कुटुंबं मला आठवड्याला एक तरी भेटत असत. त्या अनुभवावरून सांगते, की तुमच्या दोन प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. तुम्ही त्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे केले आहेत, एक गोष्टीचा आणि एक गप्प राहण्याचा. आता त्या दोघांना जोडणारा धागा तुम्हाला सापडत नाहीये. माझ्या मते तो धागा त्या निळ्या वहीतच आहे, फक्त तुम्ही जिथे वाचन थांबवलंत त्याच्या पुढच्या पानांवर.

तुम्ही लिहिलं आहे की मोहिमांच्या तासांची बेरीज १९२ येते. म्हणजे बरोबर आठ दिवस आणि आठ रात्री. हे तास लहान होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर विमानांच्या विभागात, सुमारे १,२५,००० जणांनी विमानांतून काम केलं आणि त्यांतले ५५,५७३ मेले. तीस मोहिमांची एक फेरी पूर्ण करणं म्हणजे काय, हे त्या आकड्यावरून कळतं. पण चरित्रातल्या पानांची वाटणी करताना हे आठ दिवस आणि ती पस्तीस वर्षं दोन्ही नजरेसमोर असू द्या.

आता वहीबद्दल. डावीकडे तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, मग मुख्य वैमानिकाचं नाव, दुसऱ्या वैमानिकाचं किंवा शिकाऊ माणसाचं नाव, मग कामगिरी, आणि उजवीकडे दिवसाचे व रात्रीचे तास. बॉम्बर कमांडमध्ये रात्रीच्या मोहिमा सहसा लाल शाईत आणि दिवसाच्या हिरव्या शाईत लिहीत. तुमच्या वहीत फेब्रुवारी १९४४ मधल्या पहिल्या लाल ओळीत मुख्य वैमानिकाच्या रकान्यात दुसऱ्याच कुणाचं नाव आहे आणि यांचं नाव शेजारच्या रकान्यात आहे. त्यामुळे तुम्ही गोंधळलात, पण ती चूक नाही. नवा वैमानिक पहिल्यांदा एखाद्या अनुभवी क्रूबरोबर नुसता बघायला जात असे. त्याचे स्वतःचे सहा साथीदार त्या रात्री तळावर वाट बघत बसत. तो परतला नाही, तर वैमानिकाविना उरलेल्या त्या सहा जणांना पुन्हा प्रशिक्षण केंद्रात पाठवलं जाई. फोटोतले बाकीचे सहा जण त्या रात्री कुठे बसले असतील, याचा विचार करून बघा. तुमच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिथून सुरू होऊ शकतं.

दुसरी शंका समासातल्या "१/३" ची. ओळी चौतीस आहेत, पण घरात सगळे तीसच मोहिमा म्हणतात, असं तुम्ही लिहिलं आहे. १९४४ च्या वसंतात काही काळ फ्रान्समधल्या लक्ष्यांवरची मोहीम सोपी समजून एक तृतीयांशच मोजली जात होती. ३ मेच्या रात्री मायी-ल-काँवरच्या हल्ल्यात ४२ लँकेस्टर पडली, आणि त्यानंतर तो नियम मागे घेतला गेला. त्या अपूर्णांकांशेजारी खाडाखोड दिसत असेल, तर ती नियम बदलल्यानंतरची असण्याची शक्यता आहे. पेटीत एअर क्रू युरोप स्टार निघाला, तर तोही याच काळाशी जुळतो, कारण तो ५ जून १९४४ पर्यंतच्या उड्डाणांसाठी दिला जाई. नंतरच्यांसाठी फ्रान्स अँड जर्मनी स्टार होता. पेटी न उघडलेली राहिली याचं मला आश्चर्य वाटत नाही. ही पदकं टपालाने घरी येत, आणि अनेकांनी तर ती कधी मागवलीही नाहीत.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी, कारण तुमच्या वहीतही "डीएनसीओ" ही अक्षरं एकदा आली आहेत. त्यांचा अर्थ "कामगिरी पार पडली नाही" असा. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक बाई वडिलांची वही घेऊन आल्या होत्या. तीत लागोपाठ दोनदा ही नोंद होती. मी तो अर्थ सांगितला, आणि वर हेही सांगितलं की हवाई दलात लढायला कचरणाऱ्यांवर "मनोधैर्याचा अभाव" असा शिक्का मारत, त्यांचा हुद्दा काढून घेत. या दोन गोष्टी मी एका दमात बोलायला नको होत्या. सहा महिन्यांनी त्यांच्या वडिलांच्या स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकडीच्या, रोजनिशीची प्रत आली. पहिल्या रात्री उजवीकडचं बाहेरचं इंजिन बंद पडलं होतं आणि दुसऱ्या रात्री विमानातलं अंतर्गत दूरध्वनीयंत्र. ते सहा महिने त्या बाईंनी आपले वडील भ्याले असतील का, या विचारात काढले होते. तेव्हापासून लॉगबुकमधल्या एका नोंदीवरून मी कधीही माणसाच्या मनाबद्दल बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.

ती रोजनिशी तुम्हालाही मिळेल. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात "एअर २७" या मालिकेत स्क्वाड्रनांच्या रोजनिशा आहेत, आणि त्यांच्या डिजिटल प्रती घरबसल्या उतरवून घेता येतात. तीत दोन प्रकारचे कागद असतात. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा. फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक विमानाचा तपशील: क्रूची नावं, निघण्या-परतण्याची वेळ, आणि परतल्यावर दिलेलं दोन-तीन ओळींचं निवेदन. बॉम्ब किती वाजता आणि किती उंचीवरून टाकले, हेही बहुधा त्यातच असतं. फोटोतल्या सहा जणांची नावं तुम्हाला इथे मिळतील. त्यांची सेवा-नोंद मात्र वेगळी मागवावी लागेल. या नोंदी ब्रिटिश संरक्षण खात्याकडून टप्प्याटप्प्याने क्यूला हलवल्या जात आहेत, म्हणून अर्ज करण्याआधी ती सध्या कुठे आहे ते बघा आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जवळ ठेवा.

आता त्या पुढच्या पानांकडे येऊ. जुलै १९४४ मध्ये मोहिमा संपल्या आणि पुढे "नुसती सरावाची उड्डाणं आहेत" म्हणून तुम्ही ती पानं सोडून दिलीत. ती परत उघडा. विमानाचा प्रकार लँकेस्टरवरून वेलिंग्टनवर गेला असेल. मुख्य वैमानिकाच्या रकान्यात "सेल्फ" लिहिलेलं असेल आणि शेजारच्या रकान्यात दर आठवड्याला बदलणारी नावं असतील. कामगिरीच्या रकान्यात घिरट्या आणि उतरणं, एका इंजिनावर उड्डाण, रात्रीचं दिशादर्शन, हेच पुन्हा पुन्हा आलेलं असेल. फेरी पूर्ण केलेल्या वैमानिकाला साधारण सहा महिने प्रशिक्षण केंद्रात शिकवायला पाठवत. शेजारच्या रकान्यातली ती नावं त्यांच्या विद्यार्थ्यांची आहेत.

म्हणजे तुमचे आजेसासरे १९४७ मध्ये शिक्षक झाले नाहीत. ते १९४४ च्या उन्हाळ्यातच शिक्षक झाले होते, गणवेशात असताना, वयाच्या बाविसाव्या वर्षी. आणि तो वर्गही सुरक्षित नव्हता. बॉम्बर कमांडच्या मृतांपैकी आठ हजारांवर माणसं प्रशिक्षणात आणि अपघातांत गेली. केंद्रांतली वेलिंग्टन विमानं बहुधा आघाडीवर वापरून झिजलेली असत. समोरच्या मुलाला एखादी गोष्ट समजली नाही, तर तो आणि त्याचे साथीदार मरतील, हे या शिक्षकाला रोज डोळ्यांसमोर ठेवून शिकवावं लागे. "आजोबा एकच उदाहरण चार पद्धतींनी समजावायचे आणि वर्गातल्या शेवटच्या मुलाला येईपर्यंत पुढे जायचे नाहीत" अशी सासूबाईंची आठवण तुम्ही लिहिली आहे. तिचा उगम त्या वेलिंग्टनमध्ये आहे असं मी सिद्ध करू शकत नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडा, वाचणाऱ्याला त्यातलं नातं दिसेल.

मग १९४५-४६. या दोन वर्षांकडे कुटुंबं सर्वात कमी लक्ष देतात आणि मला तीच सर्वात महत्त्वाची वाटतात. सैन्यातून सुटका जून १९४५ पासून वय आणि सेवेचा काळ यांवरून ठरलेल्या गटांनुसार सुरू झाली. विमानं उडवणाऱ्यांची गरज अचानक संपली होती. कालपर्यंत चार इंजिनांचं विमान आणि सहा माणसं ज्याच्या हातात होती, त्याला सुटकेचा नंबर लागेपर्यंत भांडारात किंवा कचेरीत बसवत. शेवटी सरकारी सूट, हॅट आणि बूट देऊन घरी पाठवत. युद्धात गेलेल्यांना जुन्या नोकरीवर परत घेणं मालकांना १९४४ च्या कायद्याने बंधनकारक होतं. म्हणजे नगरपालिकेतली ती खुर्ची त्यांना मिळालीच असती. ते तिथे गेले नाहीत.

का, हा तुमच्या चरित्रातला खरा प्रश्न आहे, आणि तो कागदांतून शोधता येतो. तेव्हा ब्रिटनमध्ये शिक्षकांची मोठी टंचाई होती. एप्रिल १९४७ पासून शाळा सोडण्याचं किमान वय पंधरा झालं, म्हणजे एक संपूर्ण इयत्ता वाढली. त्यासाठी सरकारने तातडीची शिक्षक-प्रशिक्षण योजना काढली होती. साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम, बहुतेक विद्यार्थी सैन्यातून आलेले. १९५१ पर्यंत त्यातून सुमारे ३५,००० शिक्षक तयार झाले. १९४६ ची सुटका आणि १९४७ ची नेमणूक हे अंतर या योजनेशी तंतोतंत जुळतं. पण खात्री नेमणुकीच्या कागदावरूनच करा.

आणि आता दुसरी वही. इंग्लंडमधल्या शाळांमध्येही लॉगबुक असते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. १८६० च्या दशकापासून मुख्याध्यापकांना ती ठेवावी लागे आणि अनेक शाळांनी ती सवय विसाव्या शतकात खूप पुढेपर्यंत चालू ठेवली. शाळा बंद झाली किंवा विलीन झाली की या वह्या बहुधा जिल्हा अभिलेखागारात येतात. त्यात काय असतं? कोण गैरहजर, कोणत्या वर्गाला कुणी सांभाळलं, तपासनीस कधी आले, बर्फामुळे शाळा कधी बंद राहिली, सहलीला कोण गेलं. तुमच्या आजेसासऱ्यांच्या बाबतीत मी सर्वात आधी १९४७ ते १९५० आणि मग निवृत्तीचं वर्ष बघितलं असतं. अलीकडच्या वह्या खासगीपणाच्या कारणाने बंद असू शकतात, पण घरच्यांनी विशिष्ट नाव देऊन विचारलं तर अनेकदा तेवढा उतारा मिळतो. मी स्वतः असे उतारे काढून दिले आहेत. एका निवृत्त शिक्षकाच्या मुलीला मी काढून दिलेली ओळ अशी होती, की सलग एकोणीस वर्षं परीक्षेच्या सकाळी ते सगळ्यांच्या आधी येऊन घड्याळ लावत आणि प्रत्येक बाकावरची दौत तपासत. युद्धात ते विमानाचा मार्ग आखणारे नेव्हिगेटर होते. त्या मुलीने हे वाचून वही बंद केली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

आता तुमचा अवघड प्रश्न. शांतपणे कसं शिकवू शकले? मला ठाऊक असलेल्या माणसांच्या गप्प राहण्याची कारणं एकसारखी नव्हती. काहींना आपल्या मेलेल्या मित्रांबद्दल बोलवत नव्हतं. काहींना घरच्यांना घाबरवायचं नव्हतं. काहींना कुणी विचारलंच नाही, आणि हे कारण आपण समजतो त्यापेक्षा जास्त वेळा खरं असतं. देशालाही या विषयावर बोलणं जड गेलं. बॉम्बर कमांडसाठी वेगळं मोहीमपदक कधी निघालं नाही, लंडनच्या ग्रीन पार्कमधलं स्मारक २०१२ मध्ये झालं आणि पदकावरची छोटी पट्टी २०१३ मध्ये मिळाली. तुमच्या आजेसासऱ्यांच्या बाबतीत यांतलं कोणतं कारण होतं, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नसेल, तर तुम्हीही ठरवू नका. आजच्या मानसशास्त्राची नावं त्यांना लावू नका.

पण खालच्या शहरांबद्दल मात्र लिहा. इथे मी थोडी आग्रही आहे. दुसऱ्या एका कुटुंबाच्या वहीत ११ सप्टेंबर १९४४ ची ओळ होती: "ऑप्स (म्हणजे मोहीम), डार्मश्टाट", आणि पुढे तास. एवढंच. त्या रात्री जर्मनीतल्या या शहरात अकरा हजारांहून अधिक माणसं मेली, बहुतेक आगीत. त्या कुटुंबाने तिथल्या शहर अभिलेखागाराला पत्र लिहिलं, आणि सौजन्याने उत्तर आलं. पुस्तकात त्यांनी एका पानावर वहीतली ओळ छापली आणि समोरच्या पानावर तिथल्या एका रस्त्याची त्या रात्रीची हकीकत. निवाडा लिहिला नाही. तुम्हीही चौतीसपैकी एक रात्र निवडा आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण लिहा. तुमची मुलं एक दिवस हा प्रश्न विचारतीलच, तेव्हा आपल्या आईने तो टाळला नव्हता हे त्यांना दिसेल.

मात्र पुढचं पाऊल टाकू नका. "बॉम्ब टाकले, पस्तावले, म्हणून शिक्षक झाले" ही गोष्ट फार चटकन सुचते आणि वाचायलाही बरी वाटते. ती किती फसवी आहे हे मला लेनर्ड चेशायर यांच्यामुळे कळलं. मी अंधेरीत वाढले. महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेशायर होम आहे. अपंग आणि दीर्घ आजारी माणसांचं ते घर मी लहानपणापासून बघत आले, पण ते नाव कुणाचं हे इंग्लंडला आल्यावर समजलं. कायद्याचा हा पदवीधर बॉम्बर वैमानिक झाला, शंभर मोहिमा केल्या, प्रसिद्ध ६१७ स्क्वाड्रनचं नेतृत्व मिळावं म्हणून ग्रुप कॅप्टनचा हुद्दा सोडून खालचा घेतला, १९४४ मध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरच्या अणुबॉम्बचा ब्रिटिश निरीक्षक म्हणून तो विमानात होता. पुढच्याच वर्षी तो हवाई दलातून बाहेर पडला. सैनिकांसाठी काढलेली सहजीवनाची वसाहत फसली, हातात कर्जबाजारी मोठं घर उरलं. १९४८ मध्ये त्या वसाहतीत पूर्वी राहिलेल्या, आता कर्करोगाने मरणाऱ्या एका माणसाला दवाखान्यातून पाठवायला जागा नव्हती, म्हणून चेशायरने त्याला घरी आणलं आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली. तिथून चेशायर होम्स सुरू झाली. इंग्लंडबाहेरचं पहिलं घर १९५० च्या दशकाच्या मध्याला अंधेरीत निघालं. १९५९ मध्ये त्याचं आणि समाजसेविका स्यू रायडर यांचं लग्नही मुंबईतच झालं.

सगळे म्हणत, हे नागासाकीचं प्रायश्चित्त. चेशायर स्वतः तसं म्हणत नव्हता. बॉम्बहल्ल्यांची त्याने अखेरपर्यंत बाजू घेतली, अण्वस्त्रांच्या धाकालाही त्याचा पाठिंबा होता. त्याचं काम पश्चात्तापातून नाही, तर दारात आलेल्या एका मरणाऱ्या माणसापासून सुरू झालं. इतक्या प्रसिद्ध माणसाबद्दल, त्याने स्वतः वेगळं सांगूनही, लोकांनी आपल्याला आवडलेलीच गोष्ट पक्की धरली. तुमचे आजेसासरे तर काही न बोलता गेले. त्यांच्या तोंडी शब्द घालणं फारच सोपं आहे.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता. पेटी उघडून पदकांचे फोटो काढा. लॉगबुकचं पान न् पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा. अनेकदा शेवटी वैमानिकाच्या क्षमतेचा शेरा चिकटवलेला असतो. फोटोच्या मागे पेन्सिलने काही लिहिलंय का ते उजेडात तिरपं धरून बघा. लिंकनमधल्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरच्या मृतांच्या सूचीत फोटोतल्या सहाही नावांचा शोध घ्या. त्यांतला एखादा नंतर दुसऱ्या फेरीवर गेला असेल, तर तुमच्या आजेसासऱ्यांचं मौन थोडं वेगळं ऐकू येईल.

पण या सगळ्याच्या आधी, शक्य तर याच आठवड्यात, गावातल्या स्थानिक वर्तमानपत्राला आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाला चार ओळी लिहा. क्यूचे कागद दहा वर्षांनीही तिथेच असतील. १९५० मध्ये त्यांच्या वर्गात बसलेला अकरा वर्षांचा मुलगा आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. त्याला फक्त एवढंच विचारा: "सर गणित कसं शिकवायचे?"